सूर्यकांतचा फ्लोट रॉड

गळ टाकून बसणाऱ्या माणसाला मासा मिळेलच असं नाही, पण किस्सा मिळाल्याशिवाय तो घरी येत नाही. आमच्या चौघांकडं किस्से इतके साठलेत, की तेवढे मासे मिळाले असते तर नोकरी सोडून मंडईत गाळाच घेतला असता!

चौघं म्हणजे कोण, ते सांगतो. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला. त्याच कंपनीत प्रेसवर सूर्यकांत, मूळ लातूरकडचा. पिंपळे गुरवचा गायकवाड, त्याचे वडील कंपनी कामगार आणि हा आयटीत. आणि पुनावळ्याचे दगडूभाऊ, जुन्या गावातले, वयानं मोठे आणि तोंडानं त्याहून मोठे. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून गुरुवारी आम्ही पवना नदीच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी अजून पाण्यासारखं दिसतं.

मागच्या वर्षी सूर्यकांतचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. बोटं वाचली, पण ऑपरेशननंतर मूठच मिटेना. डॉक्टर म्हणाले, "नस जोडलीय. पकड येईल किंवा नाही येणार, वाट बघा." पकड नाही तर मशीन नाही, आणि मशीन नाही तर घर कशावर चालणार? दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो मांडीवर घेऊन हा गडी दिवसभर भिंतीकडं बघत बसायचा. खरं सांगतो, आमची फाटली होती.

"नदीवर चल," म्हटलं, तर म्हणाला, "गळ कशानं धरू? दातानं?"

तेव्हा आम्ही ठरवलं, ह्याला डाव्या हाताला झेपेल असा हलका फ्लोट रॉड घ्यायचा. लांब, सडपातळ. पाण्यावर तो फ्लोट, म्हणजे तरंगणारी कांडी, उभी ठेवायची आणि ती बुडाली की ओढायचं. बस्स.

*

दुकानदारानं आधी समुद्रावरचा जाडजूड रॉड काढला. दगडूभाऊ जन्मभर बांबूवर मासे धरणारे. म्हणाले, "ह्यानं मासं धरायचं का म्हशी हाकायच्या?"

मग हलके रॉड निघाले. आम्ही तिघांनी पाळीपाळीनं एकेक रॉड डाव्या हातात, दोनच बोटांत धरून बघितला. दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "साहेब, तिघांचेही उजवे हात गेलेत का?"

एक रॉड दगडूभाऊंना पसंत पडला. त्यांनी तो जोडून जोरात झटकला, शेंडा गेला वर फिरणाऱ्या पंख्यात! टकटकटकटक! दुकानदारानं डोळे मिटले, मी पाकीट चाचपलं. पंखा थांबवून बघतो तर शेंड्याला ओरखडासुद्धा नाही!

"टेस्टिंग ओके," मी म्हणालो. तोच घेतला.

*

आता ह्या रॉडचा पहिला प्रवास. सुट्टीच्या आदल्या दिवशी गायकवाडनं तो मला कंपनीच्या गेटवर आणून दिला. कव्हर स्कूटरच्या मागं बाहेर येत होतं, म्हणून शहाण्यानं टोकाला लाल फडकं बांधलेलं, ट्रकवाले लोखंडी सळ्यांना बांधतात तसं.

मी रॉड ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवून लाइनवर गेलो. परत येतो तर रॉड गायब! आमच्याकडं लाल म्हणजे रिजेक्ट. हाउसकीपिंगवाल्यानं इमानदारीत उचलून रिजेक्शनच्या पिंजऱ्यात नेऊन टाकला होता, कुलूपबंद. आणि दुपारी तो सगळा माल भंगारात जातो.

पळत गेलो. पिंजऱ्यावरचा माणूस म्हणतो, "क्वालिटीच्या सहीशिवाय मिळणार न्हाई."

"अरे बाबा, क्वालिटी मीच आहे!"

"मग सांगा की, कशात रिजेक्ट केला होता?"

मी म्हणालो, "लांबीत." त्यानं मान डोलवली आणि कुलूप काढलं. मला इतकं हायसं वाटलं, की मी त्याला चहा पाजला.

*

रॉड मिळाल्यावर सूर्यकांत कुरकुरत का होईना, नदीवर यायला लागला. ओला रॉड कव्हरात घालू नये, सांधे पुसून त्यांना मेणबत्तीचं मेण चोळावं, असं लेक्चर मी सूर्यकांतच्या घरी दिलं होतं. वहिनींनी ते मनावर घेतलं. पुढच्या वेळी गेलो तर बाल्कनीत रॉड आडवा बांधून वाळत घातलेला, आणि त्यावर दोन टॉवेल, पोरींचे फ्रॉक आणि एक चादर!

"वहिनी, अहो, हा रॉड आहे!" मी ओरडलो.

"मग? कपडे रॉडवरच तर टाकलेत!"

अपघातानंतर सूर्यकांत त्या दिवशी पहिल्यांदा हसला. मोठ्यानं, पोट धरून. वहिनी आत गेल्या आणि डोळे पुसूनच बाहेर आल्या. मी रॉडवरची चादर नीट पसरून दिली.

*

गायकवाडचं गुरुवारी वर्क फ्रॉम होम. होम म्हणजे नदी. एकदा फोन स्पीकरवर टाकून मीटिंगला बसला होता, माइक बंद आहे अशा समजुतीत. तेवढ्यात सूर्यकांतचा फ्लोट बुडाला आणि हा बोंबलला, "ओढ! ओढ! ओढ!"

मग मॅनेजरचा आवाज आला, "गायकवाड, ये ओढ कौन है? नया जॉइन हुआ है क्या?"

"जी सर," गायकवाड म्हणाला, "लेकिन अभी निकल गया."

मासा खरंच निसटला होता.

*

गुरुवारी मासे धरतो, पण आमच्या तिघांच्या घरी गुरुवारी वशाट चालत नाही. चिलापी असो की रोहू, सगळा माल गायकवाडकडं. शेवटी त्याच्या आईचाच फोन आला, "बाळांनो, फ्रीजमध्ये दुधाला जागा राहिली न्हाई. जरा तुमच्या देवाला विचारा, गुरुवारऐवजी मंगळवार धरतो का!"

*

आणि आता गेल्या गुरुवारचं. सूर्यकांत नेहमीसारखा डाव्या हातात रॉड घेऊन बसलेला, उजवा हात चेंडूसकट मांडीवर. डॉक्टरांकडची तपासणी जवळ आलेली. फ्लोट थरथरला आणि सर्रकन खाली गेला. त्यानं झटका दिला, रॉडची कमान झाली. कटला मासा असणार, नक्कीच मोठा! सूर्यकांत उठला, शेवाळावर पाय घसरला, चेंडू गेला पाण्यात.

"पडतोय रे, धरा त्याला!" मी ओरडलो. गायकवाडनं कमरेला मिठी मारली. माशानं हिसका दिला, दोरी तुटली, रॉड सरळ झाला. संपलं.

सूर्यकांत तसाच उभा, रॉड पुढं धरून. डावा हात खाली लोंबतोय.

"आरं, मासा गेला," दगडूभाऊ म्हणाले. "ठिव की ती काठी खाली."

"ठेवतो की ओ," सूर्यकांत रडकुंडीला येऊन म्हणाला, "पण मूठ सुटंना!"

दगडूभाऊ जवळ गेले, वाकून बघितलं.

"सुटंना व्हय? आरं, पन मिटली कवा?"