शेंदराचा अंगठा

खवट तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की मी आजही रस्ता बदलतो. आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शाळेची धावण्याची शर्यत होती: कापणी झालेल्या खाचरांतून, नदीच्या काठाने आंबिवलीच्या लेण्यांपर्यंत जायचं आणि परत यायचं. लेण्यांपर्यंत पोचल्याची खूण म्हणून तिथे बसलेला शाळेचा शिपाई प्रत्येकाच्या कपाळाला शेंदूर लावायचा. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. माशा बसलेली ती चिकट वाटी त्याने पुढे केली. "आमी नाय लावत आता," म्हणालो आणि तसाच मागे फिरलो. शाळेच्या अंगणातही पहिला मीच शिरलो, तर गुरुजी ओरडले, "टिळा कुठंय रं? अर्ध्यातूनच फिरलास!" मागून शिपाई सायकलवर आला आणि मान खाली घालून उभा राहिला. गुरुजींनी त्याच्याकडची वाटी घेतली, अंगठा बुडवला आणि माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "आता लावून घे, पहिला नंबर तुझाच." म्हणजे मी पोचलो होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं! तो लाल, ओशट अंगठा कपाळापाशी आला आणि मी त्यांच्या चपलांवरच भडाभडा ओकलो. पहिला नंबर दुसऱ्याला गेला. गावात जुनं कुणी भेटलं की अजून हसून विचारतं, "तुला धाव सोसत नव्हती ना रं?"