पट्ट्यावरचा पत्रा
परवा गल्लीत कासार आला, त्याच्या हातातला हिरव्या बांगड्यांचा जुडगा बघितला आणि कसबा बावड्याच्या वाटेवरचा शेंगा फोडायचा कारखाना आठवला. बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. मी मशीनला तेलपाणी करायचो, बायको त्याच मशीनमध्ये शेंगा टाकायची. टरफलाची धूळ एवढी, की पापण्या तांबड्या व्हायच्या. एक दिवस तिची बांगडी फिरत्या पट्ट्यात अडकून फुटली आणि मनगट कापलं. मालक म्हणाला, "उद्यापासनं बांगड्या काढून यायचं, न्हाईतर घरी बसायचं." मुकादम म्हणाला, "वरनं फडकं गुंडाळू दे की." मी म्हटलं, "काच फुटती तरी. फडकं फुटत न्हाय, त्येच्यासंगट हात जाईल." बायको मनगट दाबून बसली होती. ती म्हणाली, "मालक, माझा नवरा जिता हाय. भुंड्या हातानं मी येणार न्हाय. काय घालायचं ते मशीनलाच घाला." शेजारची बाई म्हणाली, "मशीनला चुडा भरा म्हंती." मालकालाही हसू आलं. मला म्हणाला, "मग घाल तूच." मी तेलाचा रिकामा डबा कापून त्याचा पत्रा पट्ट्यावर झाकणासारखा ठोकला. त्यानंतर तिथं कुणाला लागलं नाही. गेल्या महिन्यात बायको वारली. नेताना बायकांनी तिला हिरव्या बांगड्या भरल्या. मनगटावरची ती खूण बांगड्यांखाली गेली, एवढं मी बघितलं. कासार दारात थांबला होता. त्याला म्हटलं, "पुढं जावा पावणं, हितं आता बाईमाणूस न्हाय."