गिझरची चकती

आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमधला गिझर बंद पडला, त्या थंडीत माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. आई, म्हणजे आमची अव्वा, जाऊन पाच वर्षं झाली होती, भाऊ पुण्याला होता आणि मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. घरात आम्ही दोघंच.

अप्पा पहाटे पाचला उठत. आधी आंघोळ, मग लिंगपूजा, त्यानंतर चहा. आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा अव्वाने घातलेला नेम त्यांनी तिच्यामागेही मोडला नव्हता. त्यामुळे गॅसवर पाणी तापवणं त्यांना शक्यच नव्हतं. म्हणून तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भावाने गिझर बसवून दिला होता. कळ दाबली की लाल दिवा लागे, पाणी तापलं की तो विझे. कुणाला उठवायला नको.

एका सकाळी तो दिवा लागेनासा झाला.

"तुम्ही कळ बंद करायला विसरत असाल, अप्पा. दिवसभर चालू राहिला असेल," मी म्हटलं.

"न्हाय गं. बंद करतो की मी."

"मग आपोआप बिघडला का?"

ते पुन्हा एकदा कळ दाबून बघू लागले.

गिझरबरोबर आलेली पुस्तिका मी जपून ठेवली होती. रविवारी ती हातात घेऊन स्टुलावर चढले. अप्पांनी खाली स्टूल धरलं. पुस्तिकेत सांगितल्या क्रमाने मी एकेक गोष्ट पाहत गेले. टेस्टर लावला, वीज येत होती. फ्यूजची तार शाबूत होती. प्लगच्या पिना घट्ट होत्या. पुढे लिहिलं होतं की, तापमानाची चकती शेवटच्या खुणेपर्यंत फिरवलेली असल्यास पाणी जास्त तापून आतलं सुरक्षेचं बटण वीज तोडतं. मेन स्विच बंद करून खालचं झाकण काढावं, चकती मागे घ्यावी, बटण दाबावं.

मी पुस्तिका मिटली.

आठवड्यापूर्वी अप्पा फिरायला गेले असताना मीच ते झाकण काढलं होतं. अप्पांच्या मागून आंघोळीला गेलं की मला पाणी कोमट मिळे. मला कढत पाणी लागायचं. स्क्रू-ड्रायव्हरने चकती टोकापर्यंत नेली होती आणि कुणाला काही बोलले नव्हते. आता झाकण काढलं असतं तर ती चकती अप्पांना खालून दिसली असती. आणि मी तर नुकतंच त्यांना बोलले होते.

"आतला दोष आहे. वायरमनला बोलवावं लागेल," मी म्हटलं आणि खाली उतरले.

अप्पा घरात नसताना मी ते करू शकले असते. पाच मिनिटांचं काम. पण गिझर आपोआप सुरू झाला तर ते विचारतील, काय केलंस, आणि मग सांगावं लागेल, असं मनात यायचं. वायरमनकडेही मी गेले नाही, कारण तोही झाकण काढणारच होता. आज वाचनालयात पुस्तकांची मोजदाद आहे, उद्या मीटिंग आहे, असं सांगत राहिले.

"पहाटे पातेलंभर पाणी तापवून देते," असं पहिल्या संध्याकाळी म्हटलं होतं. "झोप तू. गार पाण्याची सवय हाय आमाला," ते म्हणाले. मी झोपले. म्हणजे अंथरुणात पडून राहिले. बाथरूममध्ये पहिला तांब्या अंगावर पडला की त्यांच्या तोंडून अर्धवट श्वास निघे, तो मला ऐकू येई. सलग नऊ दिवस मी तो ऐकला. सातला उठून मी स्वतःपुरतं पाणी गॅसवर तापवून घेत होते.

दहाव्या दिवशी दुपारी जेवायला घरी आले तर अप्पांनी स्वतः जाऊन वायरमनला आणलं होतं. त्याने झाकण काढलं होतं.

"म्याडम, आत कुणी हात घातलता? चकती पार टोकाला न्हेऊन ठेवलीया. चहा करायचा हुता काय गिझरात?"

मी चपला काढत होते. उत्तर द्यायला पुरेसा वेळ होता.

"मीच फिरवलो असंन," अप्पा म्हणाले.

"तुमी? गुडघं धरून चालताय, आन् स्टुलावर चढलासा व्हय?"

"चढलतो एकदा."

"म्हातारपणी लई उचापती, अप्पा," तो हसला. बटण दाबलं, मेन स्विच लावला, दिवा लागला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बघ, झालं की," एवढंच म्हणाले आणि खोकत खुर्चीवर बसले.

तो खोकला उन्हाळ्यापर्यंत राहिला. दोन वर्षांनी ते हृदयविकाराने गेले. त्या थंडीचा याच्याशी काही संबंध होता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. ते नाही म्हणाले असते तरी मला पटलं नसतं.

माती देऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी, अप्पांना अण्णा म्हणणारी हुपरीची आत्या पाहुण्यांना सांगत होती, "अण्णानं गिझरचं काय करून ठेवलतं ठाऊक हाय का? स्वतःच सांगून हसायचा. स्टुलावर चढलतो म्हणं. ही पोरगी बिचारी वैतागली असंल. पर एक शब्द बोलली न्हाय बापाला." रडून दमलेल्या बायका हसल्या. आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मीही हसले. आत्या अजून आहे. ती गोष्ट ती अजून तशीच सांगते.