गार झाल्यावर चालू करा

गाडी निळा धूर सोडायला लागली हे माझ्या आधी मागच्या सीटवरच्या बाईंना कळलं. सोलापुरातून रोज काही शिक्षकांना मी मंद्रूपच्या बाजूच्या शाळांवर नेतो आणि शाळा सुटली की परत आणतो. त्यांतल्याच या बाई. म्हणाल्या, "अहो, साडीला जळक्या तेलाचा वास येतोय. घरी विचारतात, गॅरेजात नोकरी धरली का म्हणून." सगळे हसले. मीही हसलो, पण वरवर. माझं घर या एकाच फेरीवर चालतं, आणि शिक्षकांना दुसरी जीप मिळायला एक फोन पुरतो.

माझं गाव चंद्रपूरच्याही पलीकडे. आठवीत शाळा सुटली, आणि पुढं एका साहेबांचा ड्रायव्हर म्हणून त्यांच्या बदलीबरोबर इकडे येऊन पडलो. साहेब निवृत्त झाले, फिरणं बंद झालं, तेव्हा त्यांनी ही जीप माझ्या नावावर करून दिली. परवान्यासाठीचे हेलपाटेही त्यांनीच घातले, कारण मला धड अर्ज लिहिता येत नाही हे त्यांना माहीत होतं. रोज सकाळी चावी फिरवताना मला आधी देव आठवतो आणि मग साहेब. कधी कधी उलटंही होतं.

इंजिन म्हातारं झालंय हे मला दिसत होतं. किलोमीटरच्या मीटरनं सगळे नऊ दाखवून परत शून्यापासून सुरुवात केली होती. चढाला गाडी रडायची. ऑइल तर अशी प्यायची की डबा सीटखाली ठेवूनच निघावं लागायचं.

स्टँडवर माझ्या शेजारी जीप लावणारा एक जोडीदार आहे. तो म्हणाला, "आरं, टर्बो बसव की. धुराच्याच जोरावर पंखा फिरतोय, इंजिनात जादा हवा कोंबतोय. माझ्या वळखीचा हाय एक. सकाळी गाडी सोडायची, सांजच्याला घिऊन जायची. मग बघ कशी पळतीया. तुझी मास्तरं घंटेच्या आदी शाळंत."

ऐकायला लई गोड वाटलं. पण त्याची स्वतःची जीप बिनटर्बोची होती आणि बहुतेक दिवस अर्धी रिकामी जायची. माझी गाडी रस्त्यात बसली तर मास्तर कुणाच्या गाडीत बसणार, हे मला न सांगता कळत होतं. मी नुसतं "बघू" म्हणालो.

जुन्या गॅरेजातल्या चाचांकडे गेलो. त्यांनी इंजिन चालू ठेवायला लावलं, ऑइल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि तिथंच उलटं ठेवलं. झाकण तव्यावरच्या थेंबासारखं उड्या मारून खाली पडलं. म्हणजे आतल्या रिंगा गेल्या, आणि जो दाब चाकांना मिळायचा तो वर निघून चालला.

"टर्बो नक्को," चाचा म्हणाले. "म्हाताऱ्याला दमा, आन तू त्याला फुगे फुगवायला बसवतो? एक दिवस फुगवेल. दुसऱ्या दिवशी तूच उचलायला जाशील."

"मग हेच बांधून घेऊ?"

"कुठून बांधतो? हे आतून घासून दोनदा बोअर केलेलं आहे. आता घासायला लोखंड उरलं नाही. दुसरं इंजिन बसव. माझ्या माहितीत एक आहे."

जोडीदाराच्या ओळखीचा एक आणि चाचांच्या माहितीतलं एक. सोलापुरात मला सोडून सगळ्यांना कोणीतरी ओळखीचं असतं. पण त्या वेळी माझं डोकं दुसरीकडेच अडकलं होतं. दोनदा? माझ्या देखत एकदाच झालं होतं. मग दुसऱ्यांदा कधी? बाप वारला तेव्हा मी गावाकडे जाऊन राहिलो होतो, तेव्हाच झालं असणार. आणि परत आल्यावर काही दिवसांतच साहेबांनी जीप माझ्या नावावर केली.

ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे अन्नावरून उठल्यासारखं वाटतं. तरी गेलो. साहेब ओसरीवर रेडिओ लावून बसले होते. मी विचारल्यावर त्यांनी आवाज कमी केला.

"हो, केलं होतं काम. हे शेवटचं, असं मेकॅनिकनं तेव्हाच सांगितलं होतं."

"मला बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तू गाडी घेतली असतीस का? गावाकडं जाऊन बसला असतास. तिथं काय होतं तुझं?"

खरंच होतं ते. मी नसती घेतली. मी त्यांच्या पाया पडलो, त्यांनी पाठीवर हात ठेवला. पण पाया पडता पडता पहिल्यांदाच मनात आलं, अजून काय काय सांगायचं राहिलंय यांचं?

त्यानंतर मी कुणाचंच खरं धरेना. शिक्षकांना सांगितलं, गाडी दोन-चार दिवस कामाला लावतो. जोडीदार लगेच म्हणाला, "तवर मी नेतो की. तुझीच हायेत." त्या 'तुझीच' मध्येसुद्धा मला काहीतरी दिसलं.

चाचांनी सांगितलेलं इंजिन हैदराबाद रोडला जुने पार्ट विकणाऱ्याकडे होतं. चाचा मागून येणार होते, पण मी मुद्दाम आधी जाऊन पोचलो. इंजिन पत्र्याच्या शेडखाली लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं. आधी रॉकेलच्या फडक्यानं इंजिनाचा नंबर पुसून पाहिला, चोरीचं म्हणून कुठं घासलाय का ते. नंबर स्वच्छ होता. मग अंगावर हात ठेवला तर इंजिन गरम. मार्च महिना, सोलापूरचं ऊन, लोखंड गरम लागायचंच. म्हणून शेजारी सावलीतच पडलेल्या गिअरबॉक्सला हात लावला. तो कोमट होता.

म्हणजे मी यायच्या आधी कुणीतरी इंजिन चालवून ठेवलं होतं. ही चलाखी जुनी आहे. झिजलेलं इंजिन गार असताना चालू होताना कुंथतं, धूर ओकतं. तेच आधी तापवून ठेवलं की गिऱ्हाइकापुढं शहाण्यासारखं वागतं. विकणाऱ्यानं बॅटरीच्या वायरी हातात घेतल्या.

"करू का चालू?"

"गार झाल्यावर करा."

"गार? आवो, संध्याकाळ हुईल की."

"होऊ द्या."

का तापलंय ते मी विचारलं नाही. विचारलं तर तो काहीतरी सांगणार, आणि तेही खरं कशावरून? मी एका जुन्या टायरवर बसलो. त्यानं चहा मागवला, थोड्या वेळानं परत मागवला. मधेमधे मी उठून हात लावून यायचो. तो त्याच्या माणसाला म्हणाला, "पाव्हणं ताप बघत्यात पेशंटचा."

दुपारी चाचा आले. मला टायरवर बसलेला बघून त्यांनी विकणाऱ्याला विचारलं, त्यानं सगळं सांगितलं.

"अरे, मीच चालवलं की सकाळी," चाचा मला म्हणाले. "गॅरेज उघडायच्या आधी येऊन. तुला दाखवायच्या आधी मला बघायचं होतं. गार होतं तेव्हा. एका झटक्यात लागलं."

"तुम्ही बोलला नाहीत," मी विकणाऱ्याला म्हणालो.

"तुमी इचारलं कुटं? तुमी तर थर्मामीटर लावून बसला."

मग दोघं आधीच भेटले होते तर. मी म्हणालो, "तरी गार होऊ द्या."

चाचांनी माझ्याकडे नीट पाहिलं. वाटलं, आता चिडून निघून जातील. त्यांनी दुसरा टायर ओढला आणि माझ्या बाजूला बसले. "बस. माझं पण चुकलं असेल."

ऊन शेडच्या मागं गेलं. इंजिन आणि गिअरबॉक्स हाताला सारखे लागायला लागले, तेव्हा मी मान हलवली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. थोडा पांढुरका धूर आला, मग तोही थांबला. झाकण काढून उलटं ठेवलं. ते थरथरलं, पण जागचं हललं नाही. मी इंजिनाच्या चारी बाजूंनी फिरलो, वाकून वास घेतला, परत झाकणाकडे पाहिलं. ते होतं तिथंच होतं.

"बसवा," मी म्हणालो.

मग खिशातली बायकोची नेलपॉलिश काढली आणि इंजिनाला तीन ठिकाणी लाल टिकल्या लावल्या. रस्त्यात बदललं जाऊ नये म्हणून आम्ही ड्रायव्हर लोक अशा खुणा करतो. विकणारा म्हणाला, "पोरगी पसंत पडली म्हनायची. मेंदीबी लागली."

इंजिन टेंपोत चढवल्यावर मी पुढं न बसता मागं इंजिनाजवळ बसलो. टेंपोवाला ओरडला, "पुढं या की, धूळ लई हाय." मी नाही म्हणालो. तेवढ्यात चाचा फळीला धरून वर चढले आणि इंजिनाच्या पलीकडच्या बाजूला बसले.

"तुम्ही कशाला?"

"तू रस्त्यात बदललंस तर?" ते म्हणाले आणि तोंडाला रुमाल बांधला.