अठराव्या वर्षानंतरची मुलं

मोहिनी पगारे मूळची मनमाडची. वडील जयराम रेल्वेत गँगमन. फलाटावर चोरी करताना सापडलेली पोरं पोलिसांमागून मुकाट चाललेली तिला शाळेच्या वाटेवर दिसायची. "यांचं पुढं काय होतं?" असं विचारलं की वडील म्हणायचे, "होतं काहीतरी. तू अभ्यास कर." तिनं अभ्यास केला, पण त्याच पोरांचा.

नाशिकला समाजकार्य शिकताना ती वर्षभर निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथं, कामाला जायची. पुढे त्याच कॉलेजात शिकवायला लागली आणि पीएचडीचा विषय ठरला: तिथून सुटलेली मुलं मोठी झाल्यावर काय करतात? अडचण एवढीच की मुलं सापडत नव्हती. जुनं प्रकरण आयुष्यभर आड येऊ नये म्हणून बहुतेकांच्या नोंदी नष्ट करायच्या, असा कायदाच आहे. मग मोहिनी ओळखीपाळखीतून एकेकाचा माग काढू लागली.

किशोर असाच सापडला, इगतपुरीत. मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात तो निरीक्षणगृहात आला होता, तेव्हा मोहिनीनंच त्याला भागाकार शिकवला होता. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, मागेच घर. फोन नंबर मिळाला नाही, म्हणून ती सरळ दारात जाऊन उभी राहिली.

"कोण पाहिजे, ताई?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"किशोर आहे का? जुनी ओळख आहे आमची."

हाताचं ग्रीस पुसत किशोर बाहेर आला. तिला पाहताच त्याचा चेहरा उतरला. पण लगेच सावरून तो म्हणाला, "सायली, या माझ्या शाळेतल्या मॅडम. चहा टाक."

मोहिनी काय ते समजली. खाटेवर बसलेल्या सासऱ्यानं चौकशी केली, "कुठल्या शाळेत व्हता आमचा जावई? हुशार व्हता का?"

तिनं मनमाडच्या आपल्याच शाळेचं नाव सांगितलं. "गणितात कच्चा होता," म्हणाली. सगळे हसले, किशोर सोडून.

स्टेशनपर्यंत तो सोडायला आला. वाटेत तिनं आपल्या संशोधनाचं सांगितलं. "राग नाय मॅडम. पण इथं कुणालाच माहीत नाय. पुस्तकात तुम्ही माझं नाव बदलाल. पण तुम्ही दारात आल्या, त्याचं काय करू?"

तिनं त्याची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी तिनं मार्गदर्शकांना सांगितलं, "सर, मी मुलं शोधणं थांबवते."

"इतक्या वर्षांचं काम पाण्यात घालतेस?" सर भडकले.

"विषय तोच ठेवू. फक्त मुलांऐवजी आपल्याकडे बघू. पोलीस, वकील, प्रोबेशन अधिकारी. नोंदी खरंच नष्ट होतात का?"

तिनं जाऊन पाहिलं, तर काही ठिकाणी त्या कपाटात तशाच पडून होत्या. नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला मागायला गेलेल्या पोराला त्या आडव्या येत. प्रबंध पूर्ण व्हायला मात्र फार उशीर झाला. मधल्या काळात कॉलेजात तिच्या हाताखालचा योगेश पीएचडी आधी झाल्यामुळे विभागप्रमुख झाला. मोहिनीनं त्याला पेढा दिला, अभिनंदन केलं आणि घरी येऊन आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही.

आता तिच्याकडे पोलिसांची प्रशिक्षणं असतात. परवा एका हवालदारानं विचारलं, "मॅडम, कागद नष्ट केला आन् उद्या साहेबांनी मागितला तर?"

"पुढच्या वेळी साहेबांनाच घेऊन या," मोहिनी म्हणाली, आणि तिनं नोंदी नष्ट करायचं कलम पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला घेतलं.