दादांना विचारून काढलेलं कुंपण

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. फक्त मध्येच कुणी ‘मग आधी विचारायचं होतंस की’ असं म्हणू नका. विचारलं होतं. समोर बसून, तोंडावर विचारलं होतं. घोटाळा झाला तो त्यामुळंच.

आमचं गाव पलूसच्या अलीकडं. माझं घर आणि माझे चुलतभाऊ बापूदादा यांचं घर शेजारी शेजारी. मध्ये लाकडी कुंपण. आमच्या वडलांच्या पिढीत हातभर जागेवरून दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नाला जायची बंद झाली होती. शेवटी गावातल्या म्हाताऱ्यांनी उभं राहून बाभळीचे खांब रोवून घेतले, तेव्हा कुठं शांतता झाली. आता आमचं बरं चाललं होतं. कालवणाची वाटी इकडून तिकडं जायची, पण कुंपणावरून. कुंपणाला बोट लावायची हिंमत मात्र कुणाची नव्हती.

आणि नेमकी उसाची ट्रॉली वळताना त्याला घासली. रस्त्याकडचे खांब वाकले, फळ्या मोडल्या. ट्रॅक्टरवाला मागं न बघता निघून गेला.

आता हे दुरुस्त करायचं की काढून नवं घालायचं? माझी बायको सुरेखा तेव्हा साताऱ्याला, माहेरी. तिला फोन केला. ती म्हणाली, “दादांशी बोलल्याशिवाय एक खिळासुद्धा काढू नका.”

मग गेलो. दादा पायरीवर पाय लांब करून बसले होते, चेहरा उतरलेला. पायांच्या पुढं हातभरावर ते वाकलेलं कुंपण. ‘कुंपण’ हा शब्द आमच्यात एवढा जपून वापरतात की मी तो उच्चारलाच नाही. नुसतं विचारलं, “दादा, मग काय ठरवलं?”

दादांनी खाली बघितलं. “बघतोयस न्हवं, पार वाकलंय.”

“व्हय. पर दुरुस्ती न्हाई का हुणार?”

“दुरुस्तीचं दिवस गेलं, संभा. तेल लावून, पट्ट्या बांधून लय दिवस काढलं.”

खरंच होतं ते. वाळवी लागू नये म्हणून आम्ही दरसाल खांबांना काळं तेल पाजायचो, फळ्यांना पट्ट्या मारायचो.

“म्हंजे काढायचं?”

“एकदा हात घातलाच हाय, तर दोन्हीकडचं काढायचं. स्टीलचं बसवत्यात आता. उद्या सांगलीला निघालोय त्याच्यासाठीच.”

मला वाटलं, माल बघायला निघालेत. वर दोन्हीकडचं, म्हणजे रस्त्याकडचं मोडलेलं टोकही आणि आपल्या मधलं बाकीचंही. मी म्हटलं, “माझी काय हरकत न्हाई. तुमी म्हणाल तसं.”

दादांनी माझा हात धरला. फौजेत आयुष्य काढलेला माणूस, आणि म्हणतो काय, “भ्या वाटतंय रं. जरा जरी इकडचं तिकडं झालं, तर पुना उभं ऱ्हायचं न्हाई.”

आता सांगा, हद्दीच्या वादात होरपळलेल्या माणसाला याचा दुसरा काय अर्थ लागणार? मला भरून आलं. मी म्हणालो, “दादा, तुमी बिनघोर जावा. मी हाय की हितं.”

दुसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी सांगलीला गेले. मी ठरवलं, दादा माल घेऊन येईपर्यंत आपण जागा मोकळी करून ठेवायची. त्यांना तेवढाच आधार. दोन गडी बोलावले. मोडलेलं टोक सोडलं तर बाकीचे खांब असे घट्ट होते की पहारीनं घाम काढला. एक गडी म्हणालासुद्धा, “आवं, ह्ये चांगलं हाय की अजून.” मी म्हटलं, “दादांचा शब्द हाय. काढ.”

खड्डे मुरमानं भरले, वरून धुम्मस मारून अंगण एकसारखं केलं. लाकडं फोडली आणि पाणी तापवायच्या बंबासाठी गल्लीत वाटूनसुद्धा टाकली. संध्याकाळी त्या मोकळ्या अंगणाकडं बघून मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू.

एक दिवस गेला आणि वहिनी कपडे न्यायला एकट्याच आल्या. रिक्षातून उतरल्या, चार पावलं चालल्या आणि थांबल्या. हातातली पिशवी खाली ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त पायरीवर बसल्या आणि त्यांनी मुलाला फोन लावला. विकास, फौजेत, जम्मूला. व्हिडिओ कॉल करून त्याला सगळं अंगण फिरवून दाखवलं.

मी पुढं झालो. फोनमधून विकास म्हणाला, “काका, बाबा तिकडं ऑपरेशन टेबलावर होते आणि तुम्ही इकडं हद्द मिटवली?”

मी विचारलं, “कसलं ऑपरेशन?”

“म्हणजे आता तुम्हाला तेही माहीत नाही?”

तोवर गल्ली गोळा झाली होती. ज्यांच्या घरी माझ्या लाकडांवर पाणी तापलं होतं, तेच पुढं उभे राहून माना हलवत होते. मागून कुणीतरी म्हणालं, “आता मोजणी आणल्याबिगार मिटायचं न्हाई.” दुसऱ्यानं ‘पोलीस पाटील’ असा शब्द काढला. मला वडलांच्या वेळचं सगळं डोळ्यांपुढं दिसायला लागलं. पोरांची लग्नं, बंद दारं, कोर्टाच्या तारखा.

“वहिनी,” मी म्हणालो, “देवाशपथ सांगतो, दादांनीच सांगितलं काढायला.”

“काय सांगितलं त्यांनी?” वहिनींचा आवाज थंड होता. “जसंच्या तसं सांगा, भावजी. सगळ्यांसमोर.”

मी सांगायला लागलो. पार वाकलंय म्हणाले. दुरुस्तीचे दिवस गेले म्हणाले. तेल लावून, पट्ट्या बांधून लय दिवस काढले म्हणाले.

वहिनींच्या कपाळावरची आठी जरा हलली. “पुढं?”

“दोन्हीकडचं काढायचं म्हणाले. स्टीलचं बसवत्यात म्हणाले. सांगलीला त्याच्यासाठीच निघालोय म्हणाले.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

“आवं भावजी,” त्या कशाबशा म्हणाल्या, “ते गुडघ्याचं बोलत हुते.”

मग जम्मूहून पहिलं हसू आलं.

झालं होतं असं, की ऑपरेशनचं वहिनींनी फक्त सुरेखाला सांगितलं होतं. दादांना वाटलं, सुरेखानं मला सांगितलं असणार. आणि सुरेखाला माहेरच्या गडबडीत त्याचा विसर पडला.

पण वहिनी हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, “ते सगळं खरं. पर हद्द कुठं हुती?”

गल्लीतले चौघं चार ठिकाणी पाय आपटून दाखवायला लागले. शेवटी वहिनींनीच खाली वाकून बघितलं. काळ्या मातीत मी भरलेल्या मुरमाचे तांबडे गोल ओळीनं दिसत होते, रांगोळीचे ठिपके दिसावेत तसे. प्रत्येक गोलावर त्यांनी स्वतः दगड ठेवला. मी धुम्मस घेऊन बाजूला उभा.

नवीन कुंपण अजून व्हायचंय. सुताराला सवड नाही. आणि दादा तर दोन्ही गुडघे बदलून घरी आले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, आधार धरून. दवाखान्यानं वॉकर दिलाय, पण तो गल्लीत काढायची दादांना लाज वाटते. त्यांचा बेत अंगणातल्या कुंपणाला धरून फेऱ्या मारायचा होता.

त्यामुळं सकाळ-संध्याकाळ मी दगडांच्या ओळीवरून पुढं चालतो आणि दादा माझ्या खांद्याला धरून मागं. काल रस्त्यावरून जाणाऱ्या एका पाहुण्यानं विचारलं, “दादा, नवं कुंपण कवा घालताय?”

दादांनी माझा खांदा दाबून बघितला. म्हणाले, “घाई न्हाई. सध्या ह्येच उभं केलंय. आतनं जरा पोकळ हाय, पर धरायला चालतंय.”