तुर्भ्याची छत्री घेऊन उरणला

१२ मे १९९७, सोमवार. साडेपाचला पाणी आलं. दोन कळशा आणि पिंप भरलं. साडेसातला तळवलीहून निघालो. तुर्भ्याला गेलो, तिथून उरणला. संध्याकाळी सातला घरी. ऊन फार.

माझ्या वहीत त्या दिवसाबद्दल एवढंच आहे. मी बाजारात तोलाईचं काम करायचो, त्यामुळे कमी लिहायची सवय. पण आज त्या वाटेनं कुणी जाणार असेल तर सविस्तर सांगायला हवं, म्हणून आठवेल तसं लिहितो.

माझी बायको सुनंदा काविळीनं गेली, त्याला दहा दिवस झाले होते. तेरावं बुधवारी होतं. तेराव्याला गेलेल्या माणसाच्या नावानं ज्या वस्तू दान देतात त्यांत छत्री असते. पुढच्या वाटेवर ऊन लागू नये म्हणून. गुरुजींनी यादी दिली तेव्हा म्हणाले, छत्री कुठलीही चालेल.

मला कुठलीही चालणार नव्हती. सुनंदा तुर्भ्याला एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये नऊ वर्षं छत्र्या शिवत होती. आणि दहाव्याच्या दिवशी तिचा धाकटा भाऊ संपत उरणहून आला तो परदेशी छत्री घेऊन. घडीची, काळी, बटणाची. बटण दाबलं की फट्‌कन उघडायची. आलेल्या सगळ्यांनी एकेकदा उघडून पाहिली. संपत म्हणाला, "ताईला भारीतलीच द्यायची, दाजी. ही बाजारात पण मिळत नाय सहसा."

चार माणसांत बोलणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती छत्री पिशवीत घातली आणि चपला चढवल्या. माझी थोरली बहीण अक्का साताऱ्याहून येऊन राहिली होती. ती म्हणाली, "तेराव्याच्या आत कुठं निघालास? कशाला हट्ट करतोस? त्यानं प्रेमानं आणलीय."

"माहीत आहे," म्हणालो आणि निघालो.

तळवली ते तुर्भे

ठाणे-बेलापूर रस्त्यावर तेव्हा बससाठी अर्धा तास धरावा लागे. बस आली की पुढे पंचवीस मिनिटं. कारखान्यांचे वास ओळखून कुठे आलो ते कळायचं. खिडकी बंद करून उपयोग नसायचा. तुर्भे नाक्याला उतरलं की ट्रकच्या रांगांमधून वाट काढत आत दहा मिनिटं चालायचं. आता तिथे रेल्वे स्टेशन आहे, तुम्हाला एवढं चालावं लागणार नाही.

शेड बाहेरून गोदामासारखी दिसायची. आत सहा बायका सतरंजीवर बसलेल्या. छत्रीच्या आठ कळ्या, म्हणजे कापडाचे तिकोनी तुकडे, मशीनवर जोडून येतात, मग कापड काड्यांना हातानं टाचायचं. शेवटी छत्री उघडून खिडकीच्या उजेडाकडे धरायची आणि भोकं बघायची. ही शेवटची सवय सुनंदाला बाहेरही सुटत नसे. बसस्टॉपवर परक्या माणसाच्या छत्रीत डोकं घालून बघायची आणि मला हळूच सांगायची, "तिसऱ्या काडीला टाका खाल्लाय."

मला पाहून सगळ्यांचे हात थांबले. कुसुमबाई त्यांच्यात सगळ्यांत जुन्या. त्यांनी पाणी दिलं. मी काम सांगितलं.

"थांबा भाऊ," म्हणाल्या आणि आत जाऊन छत्र्यांचा एक गठ्ठा घेऊन आल्या. "सुनंदाच्या हातच्या अकरा आहेत. आम्ही बाजूला काढून ठेवल्यात. ह्यातलीच घ्या."

मी त्या हातात घेतल्या नाहीत. म्हणालो, "या दुकानात जाऊ द्या. तिची मजुरी तिला मिळाली आहे. मला आज शिवलेली हवी. माझ्यासमोर."

"अहो, तिच्या हातची आहे!"

"म्हणूनच. आता तिला काम नको आहे. तुम्हाला हवं आहे."

कुसुमबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "काय माणूस आहात हो तुम्ही," एवढंच म्हणाल्या. मागून एक तरुण बाई म्हणाली, "मावशी, गिऱ्हाईक परत पाठवताय का? मालकांना सांगू?" सगळ्या हसल्या. कुसुमबाईही हसल्या आणि सुई ओवायला बसल्या. धागा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला.

छत्री होईपर्यंत मालकांकडे गेलो. तेराव्याला आलेल्यांना आम्ही स्टीलची वाटी देणार होतो, तिच्याऐवजी छत्र्या द्यायचं मी वाटेत ठरवलं होतं. तीस मागितल्या. मालकांनी आधी हात जोडले, सुनंदाबद्दल चांगलं बोलले. माणूस वाईट नव्हता. मग टेबलाच्या खणातून एक घडीची छत्री काढली, संपतच्या छत्रीची सख्खी बहीण शोभेल अशी.

"दुकानदार आता हीच मागतात," ते म्हणाले. "मी पण विचार करतोय. तयार माल आणायचा, वर आपली चिठ्ठी लावायची. शिवणकामाची कटकट नाही. तुम्हाला यातल्या तीस देऊ? स्वस्तात पडतील."

"चिठ्ठी लावायला किती बायका लागतील?"

त्यांनी छत्री परत खणात टाकली. मग म्हणाले, "एक."

"मग मला इथे शिवलेल्या द्या. लांब दांड्याच्या."

"लोक हसतील हो तुम्हाला. तेराव्याला छत्र्या कोण वाटतं?"

"हसू द्या."

कुसुमबाईंनी निम्मी भाकरी आणि पिठलं खायला लावलं. छत्री झाल्यावर त्यांनी ती स्वतः खिडकीशी नेऊन उघडली आणि नीट बघितली. बाकीच्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत होतील म्हणाल्या. मी एक घेऊन निघालो.

तुर्भे ते उरण

उरणला जायचं तर आधी उरण फाटा गाठायचा आणि तिथे गाडीची वाट बघायची. आता उरणपर्यंत रेल्वे जाते, पण तेव्हा फाट्यावर झाड नव्हतं, शेड नव्हती. मी भर दुपारी हातात एक छत्री आणि पिशवीत दुसरी घेऊन उन्हात उभा होतो. शेजारी सुक्या मासळीची टोपली घेतलेली एक म्हातारी बसली होती, उरणकडच्या गावातली.

"दादा," ती म्हणाली, "हातान छत्री हाय न डोका भाजून घेतस कनाला?"

"दानाची आहे. वापरायची नाही."

"कोनाचा कार्य हाय?"

"बायकोचं."

तिनं टोपली बाजूला सारली. मग हात पुढे केला. "दाव." मी छत्री दिली. तिनं दांडा ठोकून पाहिला, टाके चाचपले. "चांगली हाय. आमच्या बाजारान ही नाय मिलत. चार महिन्यान मोरतान त्या मिलतान."

न मोडणारी हवी तर इथे या, म्हणून मी तिला शेडचा पत्ता सांगितला.

"तुर्भ्याला कोन येतंय! उरनला आनून ठेव म्हनावा. मी घेन, माझी सून घेल."

हे मी नंतर मालकांना सांगितलं. त्यांनी उरणच्या एका दुकानात दोन डझन ठेवल्या. त्या पावसात सगळ्या गेल्या.

गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली तर बसा. गव्हाण फाट्यावर ताडगोळे मिळायचे, अजून मिळत असतील तर घ्या. डावी-उजवीकडे मिठागरं, मध्ये मिठाचे ढीग, आणि त्यांच्यापलीकडे बंदरात जहाजांतून उतरलेले कंटेनर. गाडीपुढे कंटेनरचा ट्रेलर असेल तर उरणला पोचायला दीड तास धरा. आमच्यापुढे तीन होते.

संपत अशाच कंटेनरमधला माल मोजून गोदामात उतरवून घ्यायचा. दुपारपाळीला निघायच्या तयारीत होता. मला दारात बघून घाबरला. "काय झालं, दाजी? तुम्ही का आला?"

मी पिशवीतली छत्री त्याच्या खाटेवर ठेवली. दुसरी हातातच होती. त्याला कळलं.

"म्हणजे माझी नको."

"तिच्या नावानं ही जाणार."

"का? कंटेनरातनं आली म्हणून? मग मी बी कंटेनरातनंच आलोय असं समजा. माझी पोरं त्याच्यावरच जेवत्यात. सरळ सांगा की, तुझा पैसा नको."

"तुझ्या पैशाबद्दल मी काही बोललो नाही."

"आणि एका छत्रीनं काय होतंय? शेड चालती का एका छत्रीनं?"

"एक नाही. तीस सांगितल्यात."

"तीस! डोकं फिरलंय तुमचं."

एरवी मी तिथेच थांबलो असतो. त्या दिवशी थांबलो नाही. म्हणालो, "संपत, तुझी जहाजं माझ्यावाचून अडणार नाहीत. त्या सहा बायकांचं अडेल. तुझी ताई नऊ वर्षं तिथे बसली. तिच्या बोटांना भोकं पडली होती. तिला वाटेला लावताना मी तिच्या हातात तिचंच काम बंद पाडणारी वस्तू देणार नाही. तू भाऊ असलास तरी नाही."

त्याचे डोळे भरले. त्यानं छत्री उचलली, घडी केली, पट्टी नीट लावली. ती त्यानं खरंच हौसेनं आणली होती, हे मला त्या पट्टी लावण्यातच दिसलं.

"तेराव्याला येईन," तो म्हणाला. "माझी बहीण आहे ती. पण दुखवटा आणणार नाही. टोपी तुम्हाला दुसरं कोणी घालू दे."

आमच्यात तेराव्याला सासुरवाडीचा माणूस दुखवट्याचा टॉवेल आणि टोपी आणतो. आपल्या हातानं टोपी सुतकातल्या माणसाच्या डोक्यावर ठेवतो आणि मग तो परत कामाला लागतो. संपतशिवाय तिला दुसरा भाऊ नव्हता.

"चालेल," मी म्हणालो. पाणी प्यालो आणि परतीची गाडी धरली.

घरी

तेरावं नीट झालं. दानात कुसुमबाईंनी शिवलेली छत्री दिली. जाताना प्रत्येकाच्या हातात लांब दांड्याची काळी छत्री. काही लोक हसले. एक पाहुणा म्हणाला, "भर उन्हाळ्यात बरं केलंत," आणि तिथेच उघडून गेला. संपत आला, पंगतीत बसला, जेवला. रिकाम्या हातानं आला होता हे सगळ्यांना दिसलं. त्यानं छत्रीही घेतली नाही. अक्कानं तेराव्यासाठी आलेल्या तिच्या नवऱ्याला माझ्या डोक्यावर टोपी ठेवायला सांगितलं. मी नको म्हणालो. ज्याचा मान होता त्यानं ठेवली नाही, तर ती जागा रिकामीच राहू दे.

शेड पुढे दोन पावसाळे चालली आणि बंद पडली. माझ्या तीस छत्र्यांनी ती वाचणार नव्हती, हे मला त्या सकाळी बसमध्येही माहीत होतं. लोक म्हणतात, मग काय मिळवलंस? मंगळवारी सहा बायकांना दिवसभर काम होतं. संपत वर्षभर माझ्याशी बोलला नाही, नंतर हळूहळू बोलायला लागला. दोन्ही गोष्टी मी धरून आहे. तशीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

गुरुवारी पहाटेच्या गाडीनं अक्का आणि तिचे यजमान गेले. मला कामावर जायचं होतं. माझी जुनी टोपी धुऊन दोरीवर टाकलेली होती, ती काढली. स्टोव्हवर पाणी उकळलं, पितळी तांब्यात ओतलं आणि पाटावर टोपी पसरून तांब्यानं तिला इस्त्री केली. कडा नीट बसल्यावर ती डोक्यावर ठेवली आणि दाराला बाहेरून कडी घातली.